आधी ओळखपरेड, मग वर्णपट: ओ-बी ताऱ्यांची यादी करणाऱ्या नवख्यांसाठी

ओ आणि बी वर्गाच्या, म्हणजे सर्वांत तप्त, निळ्या ताऱ्यांवर प्रकल्प मिळाला की पहिल्या महिन्यात सगळ्यांना एकच घाई असते, वर्णपट हातात यावा. वर्णपट येतो, तो वाचायलाही जमतं. गाडी अडते ती दुसरीकडेच: हा वर्णपट नक्की कोणत्या ताऱ्याचा? म्हणून खाली वर्गीकरणापेक्षा ओळखपरेडीवर जास्त लिहिलं आहे. वर्गीकरण शिकवणारे भरपूर भेटतील, हे कुणी सांगत नाही.

कोणती यादी कशासाठी वापरायची ते आधी ठरवून घ्या. जुन्या याद्या भिंगापुढे प्रिझम लावून घेतलेल्या छायाचित्रांच्या काचांवरून झाल्या. उत्तरेकडचं काम हॅम्बुर्ग आणि क्लीव्हलँडच्या वेधशाळांनी मिळून केलं, दक्षिणेकडचं स्टीफन्सन आणि सँडुलीक यांनी. त्यांच्या १९७१ च्या यादीत ५१३२ तारे आहेत. या याद्यांत 'ओबी+', 'ओबी' आणि 'ओबी−' असे शेरे असतात. 'ओबी−' दिसलं की सावध व्हा, खरा कचरा तिथे जास्त सापडतो. पुढे रीड यांनी हे सगळं एकत्र करून 'अल्मा ल्युमिनस स्टार' म्हणजे एएलएस यादी केली आणि गाया या अंतराळ दुर्बिणीची मोजमापं आल्यावर ती नव्याने चाळली गेली. ओ ताऱ्यांच्या वर्गावर विश्वास ठेवायचा असेल तर २००४ पासूनचा 'गॅलॅक्टिक ओ-स्टार कॅटलॉग' आणि त्यामागचं वर्णपटीय सर्वेक्षण बघा. तिथे सगळे वर्णपट सुमारे २५०० रिझोल्यूशनचे आणि सगळ्यांना एकच फूटपट्टी. थोडक्यात, उमेदवार एएलएसमधून घ्या, कसोटी ओ-स्टार कॅटलॉगची लावा. सिम्बाद या ऑनलाइन तारासंग्रहावरचा वर्णपटीय वर्ग उचलून थेट आपल्या तक्त्यात डकवणं हा मात्र आळस आहे. तो वर्ग १९५० च्या दशकातल्या काचेवरचा असू शकतो आणि शेजारच्या ओळीतला २०१४ चा. निदान त्या वर्गाचा मूळ संदर्भ उघडून तरी बघा.

रंगावरून वर्ग ठरवता येत नाही, हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरीही सगळे एकदा करून बघतात. ओ५ आणि बी० (वर्गांचा क्रम ओ, बी, ए; पुढचा अंक वाढेल तसा तारा थंड) यांच्या तापमानात दहा हजार केल्विनचा फरक, पण धुळीविना बी−व्ही रंगातला, म्हणजे निळ्या आणि दृश्य गाळणीतल्या प्रतींच्या वजाबाकीतला, फरक जेमतेम ०.०३ प्रत (प्रत हे तेजाचं माप, आकडा मोठा तितका तारा मंद). मोजमापातली चूकच ०.०२ असते. म्हणून उमेदवार निवडायला क्यू हा आकडा वापरतात: यू−बी (यू म्हणजे अतिनील गाळणी) मधून बी−व्ही ची ०.७२ पट वजा करायची. ओ तारे उणे ०.९ च्या आसपास येतात, बी५ उणे ०.४४ वर, ए० शून्याजवळ. चाळणी म्हणून हे छान आहे, पण ०.७२ हा आकडा दगडावरची रेघ नाही. धूळ दाट झाली, तिच्या कणांचा आकार बदलला की तो सरकतो. गायाच्या तिसऱ्या प्रकाशनातला तापमानाचा आयता रकानाही असाच फसवतो. धुळीआडचा तप्त तारा आणि धुळीविना थंड तारा त्याला सारखेच दिसू शकतात.

याच चाळणीतून तप्त उपबटू आणि श्वेतबटू हे लहान, मंद तारेही खाली येतात. त्यांना पकडायला निरपेक्ष प्रत, म्हणजे ताऱ्याचं खरं तेज, पुरते. समजा, १२व्या प्रतीचा निळा तारा आहे, पराशय (पृथ्वीच्या प्रदक्षिणेमुळे दिसणारं ताऱ्याचं सरकणं, ज्यावरून अंतर निघतं) १ मिलिविकला, धुळीने एक प्रत खाल्ली आहे. अंतर १ किलोपार्सेक, निरपेक्ष प्रत अधिक १. ओ९ बटूची निरपेक्ष प्रत उणे ४ च्या पलीकडे असते. म्हणजे प्रश्न मिटला. उलट बाजूने बघा: तो खरंच ओ९ असता तर ११ किलोपार्सेकवर निघाला असता, तेही तबकडीतून इतक्या लांब येऊन फक्त एक प्रत धूळ लागून. पटत नाही ना?

आता ओळखपरेड.

जुनी यादी आणि गाया जुळवताना पहिली चूक होते ती विषुवाची. १९५० चे निर्देशांक २००० चे समजून टाकले की संपातचलनामुळे (पृथ्वीच्या अक्षाच्या संथ डोलण्यामुळे) जागा जवळपास ४२ कलांपर्यंत सरकते (एक अंश म्हणजे ६० कला, एक कला म्हणजे ६० विकला). ही चूक लगेच दिसते, कारण काहीच जुळत नाही. घात करते ती लहान चूक, जिच्यात सगळं जुळतं. जुन्या यादीत विषुवांश (आकाशातला रेखांश) ०.१ मिनिटापर्यंत दिलेला असेल, तर ते ६ सेकंद, म्हणजे विषुववृत्तावर ९० विकला. त्या जागेभोवती तुम्ही त्रिज्या वाढवत नेता आणि सगळ्यात जवळचा तारा उचलता. आकाशगंगेच्या पट्ट्यात एका चौरस अंशात ३ लाख गाया तारे धरा. ५ विकला त्रिज्येच्या वर्तुळात सरासरी जवळपास दोन परके तारे असणारच. १ विकलेच्या वर्तुळात ही सरासरी ०.०७ वर येते. म्हणजे ५ विकलांत 'जवळचा' तारा नेहमीच मिळतो आणि तो बहुतेक वेळा १८व्या-१९व्या प्रतीचा, कुठला तरी भलताच असतो. संगणक तक्रार करत नाही. तक्ता भरलेला दिसतो, आणि सहा महिन्यांनी अंतरांचा आलेख काढल्यावर सर्पिल भुजांच्या जागी भुसा दिसतो.

उपाय सोपा आहे, फक्त कंटाळवाणा. जवळचा नव्हे, आधी प्रतीला जुळणारा तारा शोधा. गायाची 'जी' (G) गाळणीतली प्रत आणि जुनी व्ही प्रत यांत तप्त ताऱ्यासाठी फार फरक नसतो. धुळीने लालावलेल्या ताऱ्यात 'जी' अर्ध्या-एका प्रतीने उजळ येते, पाच प्रतींनी मंद कधीच येत नाही. मग अंतर तपासा. मग रंग. आणि मग अलादीन या आकाशनकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये चित्र उघडून डोळ्यांनी बघा, प्रत्येक तारा. हो, प्रत्येक. तीनशे तारे असतील तर दोन दिवस लागतात.

यापुढचा खड्डा जोडताऱ्यांचा. नौकातल तेजोमेघातला एचडी ९३१२९ घ्या. यादीत नाव एक, पण दुर्बिणीत तीन विकलांच्या आत ए आणि बी असे दोन ओ तारे. ए हा ओ२ महाराक्षसी, बी हा ओ३.५ बटू, आणि ए स्वतःही द्वैती. जुन्या प्रकाशमापनात अशा जोडीचा प्रकाश एकत्र मोजलेला असतो. गायाची 'जी' प्रत दोघांना वेगळं करते. गायाच्या निळ्या-तांबड्या प्रती मात्र ३.५ गुणिले २.१ विकलांच्या खिडकीतून येतात, त्यांत शेजारी मिसळतो. आता एकत्रित व्ही मधून एकट्याची 'जी' वजा केली की निघणारा 'रंग' कुठल्याच ताऱ्याचा नसतो. सारख्या तेजाचे दोन तारे एकत्र मोजले तर प्रत ०.७५ ने उजळ येते. त्याच आकड्यावरून अंतर काढलं तर ते खऱ्याच्या १.४ पट कमी निघतं. अंतर गायाचं घेतलं तर तारा उगाच वरच्या दीप्तिवर्गाचा (बटूऐवजी राक्षसी, तसा) वाटतो. म्हणून तक्त्यात नावाशेजारी घटकाचा रकाना पहिल्या दिवसापासून ठेवा: ए, बी, एबी. वर्णपट कोणत्या घटकाचा, प्रत कोणत्या घटकाची, हे वेगवेगळं लिहा. वर्णपटमापीची २ विकलांची फट आणि हवेने तेवढंच धूसर केलेलं आकाश असेल तर वर्णपट 'एबी' आहे, मनाला कितीही वाटलं तरी.

अजून एक, आणि हे ऐकून हसू येईल. गायाचा सोर्स आयडी, म्हणजे ताऱ्याचा ओळखक्रमांक, १९ आकड्यांपर्यंत जातो. एक्सेल १५ आकडे जपतं आणि पुढच्यांची शून्यं करतं. पायथनमध्ये त्या रकान्यात एक जरी जागा रिकामी असली तरी आकडे दशांशात जातात आणि शेवटचे अंक चुकतात. फाइल उघडताना कुठेही इशारा नाही. सोर्स आयडी कायम मजकूर म्हणून वाचा, मजकूर म्हणूनच लिहा. आणि दुसऱ्या प्रकाशनातला आयडी तिसऱ्यात तोच असेल असं धरू नका. दोन्ही प्रकाशनं जोडणारा वेगळा तक्ता गायाच्या संग्रहात आहे, तो वापरा.

इथवर आलात तर धास्ती घेऊ नका. यापुढचं काम याहून आनंदाचं आहे.

वर्णपटासाठी ३९०० ते ५१०० अँगस्ट्रॉमचा निळा-जांभळा पट्टा पुरतो. सिग्नल-नॉइज १०० च्या खाली असेल तर अर्ध्या उपवर्गावर वाद घालू नका, २०० च्या वर हात मोकळा होतो. उदासीन हीलियमची ४४७१ आणि आयनित हीलियमची ४५४२ या रेषा (आकडे अँगस्ट्रॉममधल्या तरंगलांबीचे) सारख्या दिसल्या की ओ७. आयनित वरचढ तर आधीचा (अधिक तप्त), उदासीन वरचढ तर नंतरचा. ओ८ च्या पुढे ही जोडी बोथट होते, तिथे आयनित ४५४२ ची तुलना उदासीन ४३८८ शी आणि आयनित ४२०० ची उदासीन ४१४४ शी करा, दोन्हीकडे बरोबरी म्हणजे ओ९. ४५४२ आणि सिलिकॉनची ४५५२ बरोबरीला आल्या की ओ९.७. जोरात फिरणाऱ्या ताऱ्यात, समजा सेकंदाला ३०० किलोमीटर, रेषा साडेचार अँगस्ट्रॉमने फासटते, उथळ होते, शेजारणीत मिसळते. म्हणून प्रमाण (वर्ग पक्का ठरलेल्या) ताऱ्यांचे वर्णपट आपल्या रिझोल्यूशनला आणून, गरज पडल्यास तेवढेच फासटवून, वर-खाली ठेवूनच तुलना करा.

तेजोमेघातल्या ताऱ्यांत एक लबाडी असते. मेघाचं स्वतःचं हीलियम ४४७१ वर प्रकाश टाकतं आणि ताऱ्याची शोषणरेषा भरून काढतं. रेषा उथळ दिसते, तारा आहे त्याहून तप्त वाटतो. खूण म्हणजे हायड्रोजनच्या रेषांच्या मधोमध बारीक टोक आणि ऑक्सिजनच्या ४९५९ आणि ५००७ या टोकदार रेषा. पार्श्वभूमी फटीच्या दोन्ही बाजूंनी, ताऱ्याला खेटून घ्या. वजाबाकीनंतर ५००७ अजून वर उभी असेल तर ४४७१ वर विश्वास नको. ती खाली खड्ड्यात गेली असेल तर तुम्ही जास्त वजा केलंत. आणि एका रात्रीच्या वर्णपटावर शिक्का मारू नका. ओ ताऱ्यांपैकी ७० टक्क्यांहून जास्त तारे आयुष्यात कधी ना कधी जोडीदाराशी देवाणघेवाण करतात, असा २०१२ चा निष्कर्ष आहे. आयनित हीलियम एकाचं आणि उदासीन दुसऱ्याचं, असा मिश्र वर्णपट एकाच मधल्या वर्गाचा वाटतो. निदान तीन वेगळ्या रात्री हव्यात.

अंतराबद्दल थोडक्यात. गायाच्या पराशयाचं शून्य किंचित खाली सरकलेलं आहे, ताऱ्याच्या तेजाप्रमाणे आणि रंगाप्रमाणे कमीजास्त. ३ किलोपार्सेकवरच्या ताऱ्यात ०.०४ मिलिविकला विसरलात तर तो ३.४ वर जातो. पराशयाची चूक २० टक्क्यांच्या वर गेली की एक भागिले पराशय करणं थांबवा. आणि आरयूडब्ल्यूई (गायाचं मोजमाप किती बिघडलं, ते सांगणारा आकडा) १.४ च्या वर म्हणून तारा फेकून देऊ नका. द्वैतींत तो वाढतोच, आणि आपली अर्धी जत्रा द्वैतींची आहे. खूण करा, ठेवा.

आपल्याकडून वेध घ्यायचे असतील तर आकाश आधी बघा. नौकातल तेजोमेघ लडाखमधल्या हानले वेधशाळेहून उगवतच नाही. तमिळनाडूतल्या कावलूरहून सर्वोच्च असताना तो १८ अंशांवर, म्हणजे निळ्या प्रकाशासाठी वाया. हंस तारकासमूहातला सिग्नस ओबी२ हा तप्त ताऱ्यांचा समूह हानलेच्या जवळपास डोक्यावरून जातो, पण तो मध्यरात्री माथ्यावर येतो जुलै-ऑगस्टात, जेव्हा पुण्याजवळची गिरवली वेधशाळा आणि कावलूर पावसात असतात. हानले पर्जन्यछायेत आहे, म्हणून वेळ तिथला मागा, आणि निळ्या प्रकाशाचा हिशोब करून मागा. धुळीने व्ही मध्ये ६ प्रती खाल्ल्या असतील तर बी मध्ये जवळपास ८ खाल्लेल्या असतात. व्ही ११ चा तारा तुमच्या वर्णपटात साडेबाराव्या प्रतीचा आहे. एक्स्पोजर व्ही वरून लिहिलेला प्रस्ताव वेळवाटप समितीत कुणीतरी पकडतंच.

गाईडबद्दल स्पष्ट बोलतो. पहिल्याच आठवड्यात तयार पाइपलाइन आणि तयार यादी हातात देणारा गाईड तुमचं भलं करत नाही. पन्नास प्रमाण ताऱ्यांचे वर्णपट छापून टेबलावर पसरून 'लाव क्रमाने' म्हणणारा मिळाला तर त्याला सोडू नका, तो कितीही खडूस असो. मशीन लर्निंगला माझा विरोध नाही. पण चुकीच्या ओळखीचे तारे शिकवणीला दिले तर ते चुका मोठ्या आत्मविश्वासाने शिकतं, आणि मग त्या शोधायला तुम्हालाच बसावं लागतं.

शेवटी दोन फाइली ठेवा: घेतलेल्या ताऱ्यांची आणि नाकारलेल्यांची. दुसरीत प्रत्येकासमोर कारण लिहा: उपबटू, दुबार नोंद, चुकीचा शेजारी, ए वर्गाचा महाराक्षसी. वर्षभराने तोच तारा वेगळ्या नावाने परत दारात उभा राहतो, तेव्हा ती फाइल उघडावी लागते.