झिजलेल्या खुणांवरून जुनी ऐरण कशी ओळखावी

बडोद्यात एखादे जुने वर्कशॉप मोडीत निघाले की भंगाराच्या ढिगात क्वचित एखादी जुनी ऐरण दिसते. गायकवाडांची नॅरोगेज रेल्वे, कापडगिरण्या आणि 1890 साली सयाजीरावांनी सुरू केलेले कलाभवन हे तंत्रशिक्षणाचे विद्यालय यांमुळे लोहारकामाची अवजारे या शहराला कधीच परकी नव्हती, त्यामुळे येथे विलायती ऐरण निघाली तर नवल नाही. अडचण एवढीच की शंभर वर्षांचा गंज आणि घणाचे चुकलेले घाव यांनी तिच्यावरची अक्षरे बहुधा निम्मीच उरलेली असतात.

पहिली गोष्ट म्हणजे ग्राइंडर दूर ठेवावा. ठोकलेल्या अक्षरांची खोली मुळातच मिलिमीटरभर, आणि गंजासोबत तीही निघून जाते. रॉकेल लावून ऐरण रात्रभर तशीच ठेवावी, सकाळी पितळी तारांच्या ब्रशने हलक्या हाताने घासावी आणि कोरड्या फडक्याने पुसावी. मग खोलीत अंधार करून टॉर्च पृष्ठभागाला जवळजवळ टेकवून आडवा धरावा आणि चारही दिशांनी फिरवावा, कारण समोरून न दिसणारी रेघ आडव्या उजेडात सावलीने उठून दिसते. एवढ्याने भागले नाही तर पातळ कागद धरून त्यावर कोळशाचा तुकडा आडवा घासावा. दोन्ही बाजू तर पाहाव्यातच, पण शिंगाखालचा, म्हणजे पुढे निघालेल्या निमुळत्या टोकाखालचा, पुढचा पायही तपासावा. अमेरिकन ऐरणींचा अनुक्रमांक बहुधा तेथे असतो.

नावाच्या शोधात लोक आकड्यांकडे दुर्लक्ष करतात, आणि माझ्या मते चूक तेथेच होते. इंग्लिश ऐरणीवर मध्ये ठिपके देऊन तीन आकडे ठोकलेले असतात. माझ्या एका नातेवाइकांनी ‘1·0·18’ ही 1918 सालची तारीख समजून ऐरणीचे वय छातीठोकपणे सांगितले होते. प्रत्यक्षात ते वजन आहे: पहिला आकडा हंड्रेडवेट, म्हणजे 112 पौंडांचा, दुसरा त्याच्या चौथाईचा, म्हणजे 28 पौंडांचा, तिसरा सुट्या पौंडांचा. त्या ऐरणीचे वजन 112 अधिक 18, म्हणजे 130 पौंड किंवा सुमारे 59 किलो होते.

या पद्धतीचा खरा उपयोग आकडा झिजलेला असताना होतो. मधला आकडा 3 च्या पुढे आणि शेवटचा 27 च्या पुढे जाऊ शकत नाही, म्हणून मधल्या जागी 3 की 8 अशी शंका आली तर ते 8 नव्हेच. मी घेतलेल्या ऐरणीवर ‘1·1·’ आणि त्यानंतर, एका अंकाची जागा पुसून, ‘4’ एवढेच उरले होते. म्हणजे शेवटचा आकडा 4, 14 किंवा 24, आणि मूळ वजन 65.3, 69.9 किंवा 74.4 किलो. भंगारवाल्याच्या काट्यावर ती 69 किलो भरली. झिजेने आणि कडा उडाल्याने किलोभर घट होणे स्वाभाविक आहे, तेव्हा पुसलेला अंक 1 ठरला. (वजन करताना दोन माणसे हवीतच, एकट्याने कंबर मोडून घेऊ नये.) तीनऐवजी एकच आकडा असेल तर तो पौंडांत आहे की किलोंत, हेही काटाच सांगतो: अमेरिकन ऐरणींवर पौंड असतात, जर्मन आणि अलीकडच्या भारतीय ऐरणींवर किलो.

नावाच्या उरलेल्या तुकड्यावर लगेच विश्वास टाकू नये. माझ्या ऐरणीवर ‘जी, एच, टी’ ही तीनच इंग्रजी अक्षरे वाचता येत होती. इंग्लंडमधील डडलीच्या ‘पीटर राइट’ या प्रसिद्ध ऐरण-कारखान्याच्या नावाचा शेवट या अक्षरांनी होतो हे खरे, पण ‘सॉलिड रॉट’, म्हणजे भरीव घडीव लोखंड, या शिक्क्याचा शेवटही इंग्रजीत याच अक्षरांनी होतो आणि तो शिक्का इतर कारखानेही वापरत. अक्षरे सरळ ओळीत असतील तर नावाची शक्यता जास्त. ती कमानीत असतील तर बहुधा गोल शिक्का असतो. माझी अक्षरे सरळ होती आणि पायांच्या वरच्या बाजूस पीटर राइटच्या ऐरणींवर आढळणारी छोटी सपाट पायरीही होती, म्हणून ती पीटर राइटचीच असावी. नावाजवळ ‘इंग्लंड’ असा शब्द दिसला तर ऐरण सहसा 1890 च्या दशकातली किंवा त्यानंतरची असते.

अक्षरे अजिबात नसतील तर अंगकाठी पाहावी. कमरेत आणि तळाला चौकोनी खळगे असतील तर ती घडीव आहे; घडताना तापलेला गोळा उचलण्यासाठी त्यांत लोखंडी दांडा घालत. साच्याची उभी शिवण दिसली तर ती ओतीव आहे. सपाटीवर हातोडीने टिचकी मारली की घडीव ऐरण घंटेसारखी वाजते, बिडाची बद्द आवाज करते. शेपटीकडे चौकोनी भोकाशेजारचे गोल भोक मुळातच नसेल, तर ती 1830 च्या सुमाराच्या आधीची असू शकते.

वाकडीतिकडी, वेगळ्या आकाराची अक्षरे बहुधा मालकाने नंतर ठोकलेली असतात. बाणाच्या टोकासारखी तीन रेघांची खूण ब्रिटिश सरकारी मालाची, ‘बी.बी.सी.आय.’ अशी आद्याक्षरे निघाली तर ती बडोद्यावरून जाणाऱ्या जुन्या रेल्वे कंपनीची. त्यांना कारखान्याचे नाव समजू नये, पण त्यांचाही कागदावर ठसा घेऊन ठेवावा.