घटस्थापनेपासून कोजागिरीपर्यंत: शरदाचं घरगुती अत्तर

नागपुरात शरद ऋतू आल्याची खबर नाक आधी देतं. पाऊस ओसरतो, रस्त्याकडेच्या सप्तपर्णीला घोस लागतात आणि पहाटे अंगणात पारिजातकाचा सडा पडतो. नवरात्र बसता बसता आंबिया बहाराची, म्हणजे हिवाळ्याअखेर फुललेल्या झाडांची, पहिली संत्री हातगाड्यांवर येतात. पारिजातक, संत्र्याची साल आणि वाळा या तिन्हींचं घट्ट अत्तर, म्हणजे मेणात बसवलेलं, बोटाने लावायचं, घरी करता येतं. पंचांगच त्याचं वेळापत्रक आहे: घटस्थापनेला सुरुवात, दसऱ्याला फुलं पूर्ण, कोजागिरीला अत्तर डबीत.

पातळ स्प्रेच्या फंदात पडू नका. त्याला लागणारा शुद्ध मद्यार्क घरगुती माणसाला सहज मिळत नाही आणि औषधाच्या दुकानातल्या स्पिरिटचा स्वतःचाच वास इतका उग्र असतो की फूल त्यात मरतं. फुलं उकळून अर्क काढणंही पारिजातकाला चालत नाही. उष्णता लागली की त्याचा सुगंध जातो आणि उकडलेल्या पाल्याचा वास राहतो. या फुलाचा वास थंडच काढावा लागतो, आणि तो स्निग्ध पदार्थात उतरतो. तिळांवर फुलांचे थर देऊन फुलेल, म्हणजे सुगंधी तेल, काढण्याची आपल्याकडची जुनी रीत याच तत्त्वावर चालते.

पारिजातकाचं लोणी

लागेल ते इतकंच: वास नसलेलं रिफाइंड खोबरेल ९० मिली आणि मधमाशीचं मेण १० ग्रॅम. नुसतं खोबरेल इथे उपयोगाचं नाही. ते २४-२५ अंशांना वितळतं आणि ऑक्टोबरात नागपूरची दुपार ३२-३३ अंशांवर असते, म्हणजे फुलं तेलात बुडून कुजतील. मेणामुळे ते लोण्यासारखं घट्ट राहतं. मेण खरेदी करताना हुंगून बघा. त्याला मधाचा वास हवा. मेणबत्तीचं पॅराफिन चालत नाही.

दोन्ही पदार्थ गरम पाण्यावर ठेवलेल्या भांड्यात वितळवा आणि दोन स्टीलच्या ताटल्यांत अर्धा सेंटिमीटर जाडीचा थर ओता. थिजल्यावर काट्याने उभ्या-आडव्या रेघा मारा, म्हणजे फुलाला टेकायला जास्त जागा मिळते.

रात्री झाडाखाली धुतलेलं धोतर किंवा जुनी चादर अंथरा. फुलं उजाडता उजाडता गोळा करायची. उन्हं अंगणात आली की निम्मा वास गेलेला असतो. दवाने ओली असतील तर सावलीत कापडावर अर्धा-पाऊण तास पसरून ठेवा. पाकळीवर पाण्याचा एक थेंब दिसता कामा नये, कारण पुढे लोणी खवट होण्याचं किंवा त्याला बुरशी येण्याचं मुख्य कारण तोच थेंब असतो. मग प्रत्येक फुलाचा केशरी देठ खुडा. जुन्या काळी याच देठांनी कापड रंगवत, ते लोण्यात राहिले तर अत्तर पिवळं होतं आणि पांढऱ्या सदऱ्यावर डाग पडतो. देठ नखाने दाबून ओढला की पाकळ्यांची चकती अखंड हातात राहते. चुरगळलेली फुलं बाजूला काढा, त्यांचा हिरवट वास उतरतो.

ही चकती पालथी, पाकळ्यांचा पृष्ठभाग लोण्याला टेकेल अशी ठेवा. बोटाने दाबू नका. ताटली पूर्ण झाकली जाईल इतकी फुलं हवीत, दोन ताटल्यांना साधारण दोन-तीन ओंजळी. वर तेवढीच ताटली उपडी घाला. संध्याकाळी, दहा-बारा तासांनी, चिमट्याने सगळी फुलं काढा. करड्या पडलेल्या पाकळ्या एक दिवस जास्त राहिल्या तर लोण्याला शिळ्या पाण्याचा वास लागतो आणि तो नंतर निघत नाही. दुसऱ्या पहाटे ताजी फुलं. घटस्थापना ते दसरा असे दहा थर द्या. पाच थरांवर थांबलात तर वास डबीत येईल, अंगावर येणार नाही.

ताटल्या स्वयंपाकघरात ठेवू नका. लोणी समोर येईल तो वास ओढून घेतं, लसणाच्या फोडणीचासुद्धा. घरातली सर्वांत गार, अंधारी खोली निवडा. फ्रिजमध्ये थर देऊ नका, झाकणाला घाम येऊन पाणी खाली टपकतं. दसऱ्यानंतर मात्र लोणी खरवडून काचेच्या घट्ट झाकणाच्या बरणीत भरा आणि ती कोजागिरीपर्यंत फ्रिजमध्येच ठेवा.

वाळ्याचं तेल आणि संत्र्याची साल

फुलाचा वास हलका, लवकर उडणारा. त्याला खाली धरून ठेवायला मुळांचा जड, सावकाश उडणारा वास लागतो. नागपूरच्या इतवारी बाजारात, किराणा ओळीत किंवा काष्ठौषधींच्या दुकानात वाळा, नागरमोथा आणि कपूरकाचरी सुटी मिळते. वाळा १५ ग्रॅम, नागरमोथा १० ग्रॅम, कपूरकाचरी ५ ग्रॅम घ्या. वाळ्याला माती फार असते, म्हणून तो दोन पाण्यांतून धुऊन एक दिवस कडक उन्हात वाळवा आणि कात्रीने बोटाच्या पेराएवढे तुकडे करा. बाकी दोन्ही खलबत्त्यात भरड कुटा. पीठ करू नका, गाळता येत नाही.

हे सगळं न भाजलेल्या तिळाच्या १०० मिली तेलात घालून भांडं गरम पाण्यात तीन तास ठेवा. पाण्यातून वाफ दिसावी, पण बुडबुडे येऊ नयेत. तेल तडतडलं तर वाळ्याचा ओल्या मातीचा वास जळकट होतो. मग बरणीत भरून दसऱ्यापर्यंत मुरू द्या आणि मलमलच्या कापडातून पिळून घ्या. वाळा तेल पितो, हाती ७५-८० मिली येईल तेवढं पुरे.

दसऱ्याला संत्र्याची साल घ्या. सुरुवातीची संत्री बऱ्याचदा हिरवट सालीची असतात, आणि अत्तराला तीच चांगली, वास जास्त झणझणीत असतो. मेण चढवलेली चकचकीत फळं नकोत. धुऊन, पुसून बारीक किसणीने फक्त वरची रंगीत साल किसा. पांढरा भाग आला की ओल आणि कडवटपणा दोन्ही आले. कीस सावलीत एक दुपार सुकवा. २० ग्रॅम कीस ४० मिली तिळाच्या तेलात तीन दिवस अंधारात ठेवा, रोज हलवा, गाळा. हे तेल गरम करायचं नाही.

कोजागिरीला जुळवणी

लोणी फ्रिजमधून दोन तास आधी बाहेर काढा आणि त्यातलं ३० ग्रॅम कोमट पाण्यात ठेवलेल्या वाटीत मऊ करा. १० ग्रॅम मेण आणि २० मिली वाळ्याचं तेल गरम पाण्यावर एकत्र वितळवून खाली उतरवा. कडेला पांढुरकी साय धरू लागली की लगेच १० मिली संत्र्याचं तेल आणि मग लोणी घालून मिनिटभर ढवळा, छोट्या डब्यांत ओता. लोणी थंडच घातलं तर गुठळ्या होतात. मिश्रण फार गरम असेल तर दहा दिवसांची मेहनत पाच सेकंदांत वाफेवर जाते. ओतण्याआधी थेंबभर थंड चमच्यावर टाका: बोट फिरवलं की मऊ व्हावं, पण ओघळू नये. उन्हाळ्यात वापरायचं तर मेण १२ ग्रॅम घ्या.

दहा-बारा डब्या भरतात. रात्रभर झाकण उघडं ठेवू नका. दिवाळीपर्यंत मुरलं की वास एकजीव होतो. मनगटावर लावल्यावर आधी संत्रं येतं, थोड्या वेळाने पारिजातक वर येतो आणि शेवटी कातडीला चिकटून वाळा राहतो. सहा महिन्यांत संपवा, कारण जुनं झालेलं संत्र्याचं तेल त्वचेला खाज आणतं. प्रत्येकाने आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस पाहावं. दमा असलेल्यांना विचारूनच द्या. आणि हौसेने वेगळी फुलं घालू नका: सप्तपर्णीच्या उग्र वासाने अनेकांचं डोकं चढतं, कण्हेर तर विषारीच.

कोजागिरीला भुलाबाईची, म्हणजे विदर्भातल्या मुलींच्या गाण्या-खेळांच्या सणाची, सांगता होते. गाणी झाली, डबा हलवून खाऊ ओळखून झाला, दूध आटेपर्यंत वेळ असतो. तेव्हा मुलींना डोळे मिटायला सांगून तिन्ही तेलं-लोणी एकेक करून हुंगवा. पारिजातक ओळखायला सर्वांत जास्त वेळ लागतो, कारण तो रात्री-पहाटेशिवाय भेटत नाही.

वाळ्याचं तेल गाळून उरलेला चोथा फेकू नका. नरकचतुर्दशीला उटण्यात तो मूठभर मिसळा. उटण्यात नागरमोथा, कपूरकाचरी आणि वाळा असतातच, इथे त्यांना तेलही लागलेलं असतं, म्हणून थंडीत उललेल्या टाचांवर आधी तोच चोळा.