स्पायडर प्लांट मलूल झालंय? पाणी घालण्याआधी या चुका टाळा

पानं लोळली की पहिला हात झारीकडे जातो, आणि स्पायडर प्लांट बहुतेक वेळा तिथेच हातचं जातं. याच्या मुळ्या जाड, पांढऱ्या, मांसल असतात आणि त्यांत ते पाणी साठवून ठेवतं. त्यामुळे एखाद्या आठवड्याचं पाणी चुकलं तरी बिघडत नाही. माती सतत ओली राहिली तर मात्र मुळ्यांना हवा मिळत नाही, त्या कुजतात, आणि कुजलेल्या मुळ्यांना पाणी ओढता येत नाही. मग ओल्या मातीतही पानं तहानल्यासारखीच लोळतात.

म्हणून आधी मातीत बोट दोन पेरं खुपसा आणि कुंडी उचलून बघा. वरची ३-४ सेंमी माती कोरडी आणि कुंडी हलकी असेल, तर झाड खरंच तहानलेलं आहे. तळाच्या छिद्रांतून निथळेपर्यंत पाणी द्या आणि १५-२० मिनिटांनी ताटलीत साचलेलं ओतून टाका. पूर्ण वाळलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) लगेच पाणी धरत नाही. पाणी कडेने सरळ खाली निघून जातं आणि आतला गोळा कोरडाच राहतो. अशी कुंडी अर्धा तास पाण्याच्या टबात ठेवावी.

माती ओली, कुंडी जड आणि पानं बुंध्याशी पिवळी, मऊ पडलेली असतील, तर पाण्याचा थेंबही नको. झाड कुंडीतून बाहेर काढा. निरोगी मुळी दाबली की टणक लागते. कुजलेली तपकिरी असते, कुबट वास येतो आणि बोटांत तिची साल निसटून आत नुसता दोरा उरतो. असा सगळा भाग स्वच्छ कात्रीने कापा. मुळ्या बऱ्याच गेल्या असतील तर बाहेरची थोडी पानंही काढा, कारण उरलेल्या मुळ्यांना तेवढा पसारा पोसवत नाही. नवीन मिश्रणात दोन भाग माती किंवा कोकोपीट, एक भाग परलाइट (हलके, पांढरे खडे) किंवा जाड वाळू आणि थोडं गांडूळखत पुरे. कुंडी उरलेल्या मुळ्यांच्या मापाचीच घ्या. मोठ्या कुंडीतली जादा माती दिवसेंदिवस ओली राहते आणि कुज पुन्हा सुरू होते.

टोकं करपतात तेव्हा

सर्वांत जास्त तक्रार याचीच. कोरडी हवा आणि अनियमित पाणी ही कारणं आहेतच, पण पाणी वेळेवर देऊनही टोकं तपकिरी होत असतील तर पाण्यात आणि खतात काय आहे ते बघा. या झाडाला फ्लोराइड सोसत नाही. ते पानांच्या टोकांशी साठत जातं. नळाचं पाणी रात्रभर उघडं ठेवल्याने क्लोरीन कमी होतं, फ्लोराइड नाही. उकळूनही ते जात नाही. पावसाचं किंवा आरओचं पाणी वापरा. सुपर फॉस्फेटमध्येही फ्लोराइड असतं, तेव्हा ते खत या कुंडीत नकोच.

मातीवर किंवा कुंडीच्या काठावर पांढरी पुटं दिसली तर क्षार साचलेत असं समजा. कुंडीच्या आकारमानाच्या दुप्पट-तिप्पट पाणी हळूहळू ओतून ते धुऊन काढा आणि पूर्ण निथळू द्या. मात्र हा उपाय फक्त मुळ्या धडधाकट असताना. द्रवरूप खत पाकिटावरच्या मात्रेच्या निम्मं, वाढीच्या दिवसांत महिन्यातून एकदा पुरतं. आजारी झाडाला ताकद म्हणून खत घालणं तर साफ चूक.

करपलेलं टोक पुन्हा हिरवं होत नाही. कापायचंच तर तपकिरी भागाची बारीक कड शिल्लक ठेवा. हिरव्यात कापलं की तिथे नव्याने वाळतं. झाड सावरतंय की नाही, हे मधल्या कोवळ्या पानांवरून ओळखावं.

जागा आणि कुंडी

भरपूर उजेड हवा, दुपारचं थेट ऊन नको. उन्हात पानांवर फिकट, वाळके चट्टे पडतात. अंधारात पट्टे पुसट होतात आणि पानं लुळी पडतात. मुळ्या फुगून माती काठापर्यंत वर आली, छिद्रांतून बाहेर डोकावू लागल्या, तर आधीच्यापेक्षा २-५ सेंमी जास्त रुंद कुंडी घ्या आणि वर २-३ सेंमी जागा मोकळी सोडा.

पानांच्या बेचक्यांत कापसासारखं काही दिसलं तर तो पिठ्या ढेकूण, म्हणजे रस शोषणारी कीड. ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने टिपून काढा आणि आठवड्याने पुन्हा तपासा. एका फेरीत तो सहसा संपत नाही.

बुंधाच मऊ होऊन पानं हातात येत असतील, तर झाड वाचवण्यात वेळ घालवू नका. लांब दांड्यांवर पिल्लं, म्हणजे छोटी रोपं, लटकत असतील तर बुडाशी मुळ्यांचे बारीक कोंब असलेली निवडा आणि छोट्या कुंडीत ओलसर मिश्रणावर टेकवा. बुडच मातीला लागू द्या, पानं गाडू नका. दांडी अजून हिरवी आणि टणक असेल तर पिल्लू रुजेपर्यंत कापायची घाई करू नये. ती वाळत चालली असेल तर लगेच कापा.