कॅलेंडरमधले क्लॅश पकडणारं टूल नीट सेट कसं करायचं

बुकिंग लिंक पाठवली, म्हणजे आपली मोकळी वेळ समोरच्याने स्वतःच निवडावी म्हणून दिलेली लिंक, त्याने त्यातला एक स्लॉट घेतला आणि नेमकं त्याच वेळी आपलं दुसरं काहीतरी ठरलेलं निघालं, की लोक पहिलं काम करतात ते टूल बदलायचं. कृपा करून हे करू नका. अशा लिंक बनवणारं कॅलेंडली घ्या नाहीतर गूगलचं अपॉइंटमेंट शेड्यूल, क्लॅश, म्हणजे एकाच वेळी दोन गोष्टी, पकडायचं आतलं गणित सगळीकडे सारखंच आहे. आधीचं संपायच्या आत नवीन सुरू होतंय का, एवढंच ते बघतं आणि त्यात ते सहसा चुकत नाही. चुकते ती आपण त्याला दिलेली माहिती.

अकाउंट जोडा, परवानग्या द्या. ह्यात काही नाही.

मग कोणती कॅलेंडरं तपासायची त्यावर टिक करा. एका अकाउंटमध्ये तीन-चार कॅलेंडरं असतात आणि बरीच टूल्स आपणहून फक्त मुख्य कॅलेंडर धरतात, बाकीच्यांवर हाताने टिक करावी लागते. नवीन मीटिंग कुठे लिहायची आणि क्लॅश कुठे बघायचा ह्या दोन वेगळ्या सेटिंग्ज आहेत. लिहायचं एकाच ठिकाणी, बघायचं मात्र सगळीकडे, ऑफिसचं, घरचं, क्लासचं, सगळं.

आता खरी मेख. माझा सगळ्यात जास्त वेळ इथेच गेलाय आणि बहुतेक मार्गदर्शक लेखांत ह्यावर एक ओळसुद्धा नसते. कॅलेंडरमधल्या प्रत्येक नोंदीवर बिझी किंवा फ्री असा शिक्का असतो. गूगलमध्ये नोंद पूर्ण उघडली की खाली तो पर्याय दिसतो, आउटलुकमध्ये तो 'शो अ‍ॅज' ह्या नावाने असतो. नोंद फ्री असेल तर टूलच्या लेखी ती अस्तित्वातच नाही. तुम्हाला स्क्रीनवर ठळक रंगात पट्टी दिसतेय, आणि टूल त्याच दिवशी खुशाल दहा स्लॉट वाटतंय, कारण त्याला रंग दिसत नाही, नाव दिसत नाही, फक्त तो शिक्का दिसतो.

आणि हा शिक्का फ्री कधी पडतो? तर दिवसभराची नोंद केली की. वेळ न घालता नुसती तारीख टाकली, की गूगल आणि आउटलुक दोन्ही ती नोंद बहुतेक वेळा आपणहून फ्री धरतात. वाढदिवस, सण ह्यांच्यासाठी ते बरोबरच आहे, पण माणूस प्रवास, सुट्टी, ट्रेनिंगसुद्धा असंच टाकतो, म्हणजे ज्या दिवशी आपण अजिबात मोकळे नसतो नेमका तोच दिवस टूलला मोकळा दिसतो. त्यामुळे माझा नियम पक्का आहे, दिवसभराची नोंद सेव्ह करण्याआधी बिझी-फ्री बघायचंच, आणि जुन्या नोंदींसाठी पुढचे दोन-तीन महिने महिन्याच्या व्ह्यूमध्ये उघडून वरच्या सगळ्या पट्ट्या एकेक करून तपासायच्या. कंटाळवाणं आहे, पण ह्याला शॉर्टकट नाही.

ह्याचाच भाऊ म्हणजे 'टेंटेटिव्ह', म्हणजे अजून नक्की न झालेली मीटिंग. काही टूल्स ती अडवतात, काही सोडून देतात, काहींत सेटिंग असते. माझं स्पष्ट मत आहे की ती अडवलेलीच बरी, एखादा स्लॉट वाया गेला तर जाऊ दे, पण दोन माणसांना एकच वेळ देऊन नंतर माफी मागत बसणं फार वाईट.

लिंकवरून सबस्क्राइब केलेलं कॅलेंडर असेल, म्हणजे ते डॉट आयसीएसवालं, ज्यात दुसरीकडच्या कॅलेंडरची फक्त प्रत आपल्याकडे दिसते, तर त्याच्यावर क्लॅशसाठी विसंबू नका. गूगल अशा लिंकमधले बदल ताबडतोब उचलत नाही, १२ तासांपर्यंत लागू शकतात. सकाळी तिकडे मीटिंग आली आणि दुपारी इकडे स्लॉट गेला तर टूलला कळणार कसं? शक्य असेल तिथे ते अकाउंटच थेट जोडा.

टाइमझोन शहराच्या नावाने निवडा, 'प्लस अमुक तास' असा आकडा टाकू नका. अमेरिकेतली घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे सरकतात आणि युरोपातली शेवटच्या रविवारी, त्यामुळे मधले दोन-तीन आठवडे न्यूयॉर्क आणि लंडनमधलं अंतर पाच तासांऐवजी चार होतं, आणि दर आठवड्याची मीटिंग एका बाजूला तासभर सरकते. शहराचं नाव असेल तर हा हिशेब टूल स्वतः करतं.

दहा ते अकरा आणि अकरा ते बारा हा क्लॅश धरला जात नाही, म्हणून मध्ये बफर, म्हणजे थोडा मोकळा वेळ, टाका, दहा-पंधरा मिनिटं पुरे.

शेवटी टेस्ट, आणि ही टाळू नका. पुढच्या आठवड्यात तीन खोट्या नोंदी करा: एक दिवसभराची बिझी, एक टेंटेटिव्ह, एक दुसऱ्या कॅलेंडरमध्ये. मग इन्कॉग्निटो विंडोमध्ये, म्हणजे ब्राउझरच्या लॉगिन नसलेल्या खाजगी विंडोमध्ये, आपलीच बुकिंग लिंक उघडा. त्या तीनही वेळा गायब असायला हव्यात. एखादी दिसली तर कोणती सेटिंग राहिलीय ते लगेच कळतं. झालं की खोट्या नोंदी उडवा, नाहीतर त्याच स्लॉट अडवून बसतील. आणि पासवर्ड बदलला किंवा नवीन अकाउंट जोडलं की हीच टेस्ट परत करा, कारण कनेक्शन कधीकधी गुपचूप तुटलेलं असतं आणि लिंक मात्र चालूच राहते.