व्हायरस आलेला कॉम्प्युटर: फॉरमॅट मारायचा की नवीनच घ्यायचा?

ओळखीत कुणाच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस शिरला की मला फोन येतो आणि प्रश्न ठरलेला, "आता नवीनच घेऊन टाकू का?" अरे थांबा जरा! व्हायरस म्हणजे डिस्कवर बसलेला एक प्रोग्राम, त्याने रॅम जळत नाही की मदरबोर्ड सडत नाही, डिस्क पूर्ण पुसून विंडोज नव्याने टाकलं की बहुतेक वेळा विषय तिथेच संपतो. नवीन मशीन घ्यायचं असेल तर ते मशीनच्या वयामुळे घ्या, व्हायरसमुळे नको.

पण आधी मुळात व्हायरस आहे का ते बघा. ब्राउझरमध्ये लाल स्क्रीन, भोंगा आणि "कॉम्प्युटर लॉक झालाय, या नंबरवर फोन करा" असं आलं तर ते नुसतं वेब पेज असतं, फोन अजिबात करू नका, कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करा आणि परत उघडताना जुने टॅब रिस्टोअर करू नका. कोपऱ्यात सारख्या जाहिराती उगवत असतील तर कधीतरी कुठल्यातरी साइटला नोटिफिकेशनची परवानगी दिली गेलेली असते, ब्राउझरच्या सेटिंगमध्ये जाऊन ती काढली की झालं.

आणि स्लो झाला म्हणजे व्हायरसच, असंही नाही. मावशीचा लॅपटॉप "व्हायरस आलाय" म्हणून माझ्याकडे आला होता, टास्क मॅनेजर उघडला तर सीपीयू ४ टक्के, मेमरी निम्मी रिकामी आणि डिस्क मात्र १०० वर चिकटलेली, खाली यायलाच तयार नाही. कान लावला तर आतून टक... टक... टक. हार्ड डिस्क शेवटचे आचके देत होती! अशा वेळी स्कॅन लावायचा नाही हां, स्कॅन सगळी डिस्क पिंजून काढतो आणि मरायला टेकलेली डिस्क त्यातच जाते, आधी फोटो आणि फाइली बाहेर काढायच्या. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात कॉशन किंवा बॅड दिसलं तर डिस्क बदला, जागी एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) टाका, तोच लॅपटॉप पळायला लागतो.

खऱ्या मालवेअरची, म्हणजे घातक प्रोग्रामची, लक्षणं वेगळी. काही काम चालू नसताना पंखा घुमतोय आणि टास्क मॅनेजर उघडल्याबरोबर गप्प होतोय (काही मायनर, म्हणजे तुमच्या मशीनवर चोरून क्रिप्टो कमावणारे प्रोग्राम, मुद्दाम असं लपतात), डिफेंडर (विंडोजचा स्वतःचा अँटीव्हायरस) आपोआप बंद झालाय आणि चालूच होत नाही, तुम्ही न पाठवलेले मेल लोकांना जातायत. असं काही दिसलं की पहिलं काम, नेट तोडा. दुसरं काम दुसऱ्या, स्वच्छ फोनवरून किंवा कॉम्प्युटरवरून करा: पासवर्ड बदला, आधी ईमेलचा, मग बँकेचा, आणि "सगळ्या डिव्हाइसवरून साइन आउट" पण दाबा, कारण आजकालचे चोर प्रोग्राम नुसता पासवर्ड नाही तर ब्राउझरमधल्या कुकीजही नेतात, म्हणजे पासवर्ड न टाकताच तुमच्या अकाउंटमध्ये बसता येतं. लोक हेच विसरतात. नवा कोरा लॅपटॉप आणतात आणि अकाउंट तेच लुटलेलं.

मग डेटा. फोटो, डॉक्युमेंट घ्या, सेटअपच्या फाइली आणि क्रॅक केलेली सॉफ्टवेअर तिथेच सोडा, बहुतेकदा घाण तिथूनच आलेली असते. जमत असेल तर लिनक्सच्या (विंडोजऐवजी चालणारी फुकट सिस्टिम) पेन ड्राइव्हवरून मशीन सुरू म्हणजे बूट करून कॉपी करा, विंडोज चालूच नसल्यामुळे विंडोजमधला व्हायरसही झोपलेला राहतो. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क-कुलूप) चालू असेल तर रिकव्हरी की लागेल, ती बऱ्याचदा मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये सेव्ह असते.

नुसता जाहिरातींचा त्रास असेल तर विंडोज सिक्युरिटीतला डिफेंडर ऑफलाइन स्कॅन लावा, मशीन रीस्टार्ट होतं आणि विंडोज सुरू व्हायच्या आधी साधारण १५ मिनिटं तपासणी होते, एवढ्यात भागतं. पण पासवर्ड चोरणारा, दुरून कंट्रोल घेणारा किंवा रॅन्समवेअर (फाइली लॉक करून खंडणी मागणारा) असेल तर साफसफाईवर माझा विश्वास नाही, सरळ फॉरमॅट मारा. दुसऱ्या स्वच्छ कॉम्प्युटरवर मीडिया क्रिएशन टूलने ८ जीबीचा पेन ड्राइव्ह बनवा, त्यावरून व्हायरसवाला कॉम्प्युटर बूट करा, त्याच्या डिस्कवरची सगळी पार्टिशन (डिस्कचे भाग) डिलीट करा आणि विंडोज टाका. आधी ॲक्टिव्हेट झालेलं विंडोज असेल तर तीच एडिशन टाकली की नेट जोडल्यावर बहुतेक वेळा आपोआप ॲक्टिव्हेट होतं. रिसेटमधला "माझ्या फाइली ठेवा" हा ऑप्शन इथे नको.

रॅन्समवेअरने लॉक केलेल्या फाइली मात्र फेकू नका, कॉपी करून ठेवा. युरोपोल आणि डच पोलिसांनी काही सिक्युरिटी कंपन्यांसोबत २०१६ मध्ये नो मोअर रॅन्सम ही साइट सुरू केली, तिथे काही प्रकारांची उघडायची टूल फुकट मिळतात. आज नसेल तर पुढे येऊ शकतं.

"फॉरमॅट मारूनही परत आला तर?" लोजॅक्स नावाचा एक प्रकार २०१८ मध्ये ईसेट या अँटीव्हायरस कंपनीने शोधला, तो मदरबोर्डवरच्या फर्मवेअरमध्ये (चिपमध्ये भरलेला, मशीन सुरू करणारा प्रोग्राम) बसायचा, डिस्क बदलूनही जायचा नाही. पण असलं प्रकरण घरच्या मशीनवर फार दुर्मिळ. परत आला तर आधी तोच जुना पेन ड्राइव्ह, तोच क्रॅक सेटअप आणि ब्राउझर सिंक (अकाउंटवरून जुनी सेटिंग परत आणणारी सोय) बघा, सिंक चालू केलं की ब्राउझरला जोडलेलं जुनं खराब एक्स्टेंशन आपल्या पायांनी घरी येतं! एवढं करूनही येत असेल तर कंपनीच्या साइटवरून बायोस (तेच मदरबोर्डवरचं फर्मवेअर) नव्याने टाका.

आता नवीन कधी घ्यायचा? विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० (मदरबोर्डवरची सुरक्षेची चिप), किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा आणि त्यांच्या यादीतला प्रोसेसर लागतो. टीपीएम नाही म्हणत असेल तर बायोसमध्ये बंद पडलेला असू शकतो, आधी तिथे बघा. प्रोसेसरच बसत नसेल, रॅम ४ जीबीची आणि सोल्डर केलेली (म्हणजे बदलता न येणारी), वर बॅटरी फुगलेली आणि बिजागरी तुटलेली, तर मग पैसे ओतू नका, नवीन घ्या. फक्त ब्राउझर आणि मेल वापरत असाल आणि बाकी मशीन धड असेल तर लिनक्स मिंट टाकून अजून काही वर्षं काढता येतात, मी तसे दोन चालवतोय.

आणि जुना कुणाला देणार असाल तर रिसेट करताना ड्राइव्ह पूर्ण साफ करायचा ऑप्शन चालू करा, वेळ खूप खातो, रात्री चार्जरला लावून सोडून द्या.