गोल्डन वंडर किलीची पिल्लं घरच्या टाकीत कशी काढायची

किली, म्हणजे किलीफिश जातीचे छोटे मासे, म्हटलं की बऱ्याच जणांना ते आफ्रिकेतले नोथोब्रँकियस आठवतात, ज्यांची अंडी सुकलेल्या डबक्याच्या मातीत महिनोन्‌महिने पडून राहतात आणि पाऊस पडला की फुटतात. ते नंतर करा, हात बसल्यावर. सुरुवात करायला आपला गोल्डन वंडरच बरा. आपला म्हणजे खरंच आपला, ॲप्लोकायलस लिनिएटस, सह्याद्रीतल्या ओढ्यांत मिळणारा मासा, दुकानातला पिवळाधमक रंग हा निवडून निवडून वाढवलेला, ओढ्यातला हिरवट असतो. याला अंडी घालायला लावावं वगैरे लागत नाही, तो घालतोच. सगळी कसरत आहे ती अंडी आईबापाच्या तोंडातून वाचवायची आणि नंतर पिल्लं मोठ्या भावंडांच्या तोंडातून.

जोडी घेताना स्वतः बघून घ्या. मला एकदा "जोडी आहे दादा" म्हणून दोन नर दिले होते, आणि मी येडा महिनाभर अंडी शोधत बसलो. नर मोठा, रंग जास्त, खालचा पर लांब आणि टोकदार. मादीचे पर गोलसर आणि पाठीवरच्या पराच्या बुडाशी काळा ठिपका, तो ठिपका दिसला की मादी. एक नर आणि दोन माद्या घ्या, एकच मादी असली तर नर तिला पळवून पळवून हैराण करतो.

टाकी दीड फुटाची पुरते, स्पंज फिल्टर हळू चालवायचा, पाणी 24 ते 26 डिग्री, एक दिवस साठवलेलं नळाचं पाणी चालतं, बाकी या माशाचे फार नखरे नाहीत. पण झाकण! हा मासा कायम पाण्याच्या वरच्या थरात असतो आणि उडी मारतो, अशीतशी नाही. माझा एक नर एअर पंपाची नळी जाते त्या दोन बोटांच्या फटीतून गेला, सकाळी टेबलाखाली सुकलेला सापडला. तेव्हापासून फटीत स्पंज कोंबतो.

आता मॉप, म्हणजे मासे ज्यात अंडी घालतात तो लोकरीचा झुपका. हिरवी किंवा काळी ॲक्रेलिकची लोकर घ्यायची (मेंढीची नको, ती कुजते), वहीभोवती पन्नासेक वेढे मारायचे, एका बाजूला गच्च बांधायचं आणि दुसरी बाजू कात्रीने कापायची, झाला झुपका. रंग सुटतो म्हणून आधी उकळून घ्या, पाणी स्वच्छ येईपर्यंत दोन-तीनदा. मग थर्माकोलचा तुकडा बांधून टाकीत तरंगत सोडायचा. आठ-दहा दिवस भरपूर खायला घाला, डासांच्या अळ्या मिळाल्या तर त्याच्यासारखं काही नाही, नाहीतर फ्रोझन ब्लडवर्म (गोठवलेल्या लाल अळ्या). माद्यांची पोटं भरलेली दिसली की समजायचं.

मॉप रोज किंवा एक दिवसाआड बाहेर काढा, हलका पिळा आणि खिडकीपाशी उजेडात एकेक धागा बाजूला करत बघा. अंडं दोनेक मिलीमीटरचं, काचेच्या मण्यासारखं, बारीक चिकट तंतूने लोकरीला लटकलेलं असतं. पहिल्यांदा हात लावायची भीती वाटते पण चांगलं अंडं चांगलंच टणक असतं, बोटांनी हळूच ओढून घेतलं तरी फुटत नाही, फुटलं तर ते तसंही वाया गेलेलंच होतं. ही अंडी श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात टाकीचंच पाणी घेऊन ठेवायची, वर मिथिलिन ब्लूचा (बुरशी रोखणारं निळं औषध) थेंब, पाणी फिकट निळं दिसेल एवढंच. पांढरी पडलेली अंडी रोज ड्रॉपरने काढून टाका, नाहीतर बुरशी शेजारच्यांना पण धरते. आठवड्याभरात अंड्यात दोन डोळे दिसायला लागतात, भिंगातून बघा, मजा येते, आणि साधारण बारा ते चौदा दिवसांत पिल्लं बाहेर.

पिल्लं बऱ्यापैकी मोठी असतात त्यामुळे ताजा फुटलेला आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातला कोळंबीसारखा बारीक जीव, याची सुकी अंडी विकत मिळतात) थेट खातात. लिटरभर पाण्यात 25-30 ग्रॅम खडे मीठ, अर्धा चमचा आर्टेमियाची अंडी, खालून हवा चालू, दिवस-दीड दिवसात तयार. हवा बंद करून खाली टॉर्च लावला की नारिंगी जीव उजेडाकडे गोळा होतात आणि टरफलं वर तरंगतात, खालचं नळीने ओढून दाट कापडातून गाळायचं आणि गोड्या पाण्याने धुवून घालायचं. थोडं थोडं, दिवसातून दोन-तीनदा. उरलेलं तळाला मरून पाणी नासवतं, पिल्लं जातात ती बहुतेक यानेच, उपासाने नाही. पाणी रोज थोडं बदला, चमचा-दोन चमचे काढून नव्हे, चांगला पाव डबा.

आणि अंडी रोजची असल्यामुळे पिल्लंही वेगवेगळ्या वयाची होतात, इथेच लोक फसतात. दहा दिवसांनी मोठं असलेलं पिल्लू नव्याला सरळ गिळतं. मी एका आठवड्याची अंडी एका डब्यात ठेवतो, डब्यावर मार्करने तारीख, आणि डबे आपापसात मिसळत नाही. त्यातही एखादं जास्तच वाढलं तर त्याला उचलून आधीच्या, मोठ्या पिल्लांच्या डब्यात. काचेचा पेला बुडवून पाण्यासकट उचला, जाळीत घेऊ नका, लहान असताना जाळीत अडकून मरतात.