अवकाळीच्या सावटात उन्हाळ कांद्याची काढणी

एप्रिल-मे म्हणजे उन्हाळ कांद्याच्या काढणीचे दिवस, आणि वळवाचेही. मोबाईलवर हवामान खात्याचा पिवळा (सावध राहा) इशारा पाहून मजुरांची टोळी लांबणीवर टाकावी, तर दिवसभर कडक ऊन. टोळी दुसऱ्याच्या वावरात गेली की इकडे गारा. चिडायला होणारच. २०१७ साली बीड जिल्ह्यातल्या माजलगाव तालुक्यातल्या शेतकऱ्यांनी पावसाचे अंदाज चुकले म्हणून हवामान खात्याविरुद्ध थेट पोलिसांत तक्रार दिली होती.

तरी अंदाज कसा वाचायचा ते ठाऊक असावं. ‘तुरळक ठिकाणी पाऊस’ म्हणजे त्या भागातल्या फार तर पाव हिश्शात. वादळी ढगाचा घेर काही किलोमीटरचा, आयुष्य तासाभराचं. तो नाशिक जिल्ह्यात निफाडवर फुटेल की शेजारच्या येवल्यावर, हे दोन दिवस आधी कुणालाच सांगता येत नाही. (यूट्यूबवर गावाचं नाव घेऊन तारीख सांगणाऱ्यांनाही नाही.) म्हणून पाच दिवसांच्या अंदाजावर टोळी ठरवा, पण त्या दिवशी किती कांदा उपटायचा ते पुढच्या तीन तासांच्या इशाऱ्यावर आणि आभाळाकडे बघून ठरवा.

आमचं मत सरळ आहे: घरच्या माणसांना अर्ध्या तासात झाकता येईल तेवढाच कांदा उघड्यावर ठेवावा. टोळी उक्ती (रोजावर नाही, सगळ्या कामाचे ठरलेले पैसे) असली की सगळं वावर एकदम उपटायची घाई होते, आणि नुकसान तिथंच होतं. निम्म्या कांद्यांची पात मानेशी वाकून आडवी पडली की काढणीला लागा. पाणी त्याआधी दोन आठवडे तोडलेलं असावं. उपटलेला कांदा ओळीने असा पसरा की पुढच्या ओळीची पात मागच्या कांद्यावर येईल. तीन-चार दिवस सुकला की इंचभर मान ठेवून पात कापा आणि सावलीत पोळ (ढीग) घाला.

या ढिगाची जागा उंचवट्यावर हवी, भोवती चर हवा. वरून कितीही झाकलं तरी खालून पाणी शिरलं तर तळचा थर गेलाच. झाकायच्या प्लास्टिक कागदाच्या कडांवर नुसते दगड ठेवू नका, माती ओढा. पावसाआधीचा वारा कागद उडवून नेतो. उकाड्यानंतर अचानक गार वारा सुटला तर हाताशी थोडीच मिनिटं उरतात. मेघगर्जना ऐकू आली की मात्र कांदा सोडून पक्क्या घरात जा, झाडाखाली नको. विजेच्या इशाऱ्यासाठी ‘दामिनी’ अ‍ॅप मोबाईलवर असू द्या.

पाऊस उघडताच कागद काढा, नाहीतर आत वाफ धरून कांदा सडतो. नुकसान झालं असेल तर आवरायच्या आधी फोटो काढा आणि पंचनाम्यासाठी तलाठ्याला कळवा. भिजलेला माल साठवणीच्या कांदाचाळीत भरू नका. तो वेगळा सुकवून, निवडून, मिळेल त्या भावात आधी विका.